सिस्टरला विचारा: लघवी गळते, तर नेमकं काय वापरायचं?

मागच्या अंकात गुडघेदुखीवर लिहिताना एक वाक्य सहज आलं होतं, की गुडघे धरलेल्या बाईला मोरीपर्यंत पोचायला उशीर होतो, साडी ओली होते, आणि हे ती डॉक्टरांनाही सांगत नाही. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी गुडघ्यांवर आली नाहीत. बहुतेक पत्रांखाली नाव नाही. एका पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आधी लिहिलेला आणि मग निळ्या शाईने खोडलेला होता. म्हणून आजचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

मी ३१ वर्षं वॉर्डात नोकरी केली, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात. माझी आई शेवटची तीन वर्षं नौपाड्यात आमच्याकडे होती, तिचं सगळं मी केलं. आणि साठीनंतर खोकला झाला की मी स्वतः पॅड वापरते. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते पुस्तकातलं कमी आणि हातातलं जास्त आहे.

सिस्टर, मी ५२ वर्षांची आहे. ठाण्यात एका शाळेत शिकवते, रोज कोपरखैरण्याहून गाडीने येते-जाते. दोन वर्षांपासून शिंक आली, खोकला आला, जिना भरभर उतरले की लघवी सुटते. अलीकडे घरी आल्यावर कुलूप उघडता उघडताच इतकी घाई होते की दारातच थोडी होऊन जाते. सॅनिटरी नॅपकिन वापरते, जास्त तास असतील तर दोन एकावर एक लावते. जांघेत चरे पडलेत. शाळेत असेपर्यंत पाणीच पीत नाही. सरळ मोठा डायपर घालायला लागू का? पण पंजाबी ड्रेसमधून दिसेल याची भीती वाटते. – एक शिक्षिका

ताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत. पॅड निवडताना त्या वेगळ्याच धरायला हव्यात.

शिंक, खोकला, जिना, वजन उचलणं यांनी जी सुटते ती बहुतेक वेळा चमचा-दोन चमचे असते. पोटावर दाब येतो, खालचे स्नायू वाट आवळून धरायला कमी पडतात आणि लघवी निसटते. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठ, पाळी जाण्याचं वय, ही त्याची नेहमीची कारणं. कुलपापाशी होते ती मात्र निराळी. तिथे मूत्राशय आपल्याला न विचारता आवळतं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी मावते, आणि अशा वेळी त्यातली बरीच एकदम येऊ शकते. म्हणून शाळेत तुम्हाला छोटं पॅड पुरेल आणि परतीच्या गाडीत तेच पॅड दगा देईल. दोन प्रकारची जवळ ठेवा. दिवसभर एकच मोठं घालून घामाघूम होण्याचं काही कारण नाही.

आता नॅपकिन. पाळीचं रक्त दाट असतं आणि हळूहळू येतं. लघवी पातळ असते आणि झटक्यात येते. ती त्याच झटक्यात आत ओढली गेली नाही तर कडेने ओघळते. मागच्या आठवड्यात मी हे स्वयंपाकघरात करून बघितलं. ओट्यावर जुना स्टीलचा ट्रे ठेवला, त्यात एक नॅपकिन आणि शेजारी लघवीसाठीचं मध्यम पॅड. अर्ध्या लिटर पाण्यात पाऊण चमचा मीठ आणि चिमूटभर हळद घातली. मीठ एवढ्यासाठी, की पॅडमधली जेल साधं पाणी भरपूर धरते, खारट पाणी त्यापेक्षा खूपच कमी, आणि लघवी खारट असते. साध्या पाण्याचा प्रयोग म्हणजे स्वतःची फसवणूक. मग चहाच्या छोट्या कपाने दोन्हींवर एकदम ओतलं. नॅपकिनवर पिवळं पाणी क्षणभर तसंच थांबलं आणि दोन्ही कडांनी ट्रेमध्ये उतरलं. पॅडवर ते मधल्या मध्ये मुरलं. पाच मिनिटांनी वरून टिश्यू दाबला तर त्याला पुसट डाग आला, इतकंच. नंतर ते पॅड कात्रीने उभं कापलं. लगद्यामध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटची पांढरी पूड असते, कोरडी असताना बारीक साखरेसारखी दिसते. ती फुगून भिजलेल्या साबुदाण्यासारखी झाली होती, आणि बोटाने दाबलं तरी पाणी सोडत नव्हती. नॅपकिनमध्येही कधी कधी ही पूड असते, पण थोडी, आणि लघवीच्या वेगासाठी केलेली वरची रचना नसते.

दोन नॅपकिन एकावर एक लावल्याने काहीच साधत नाही. वरच्याच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो, तो भरला की खालच्यात काही उतरत नाही, कडेने बाहेर येतं. शिवाय जाडी वाढून फट पडते आणि घर्षणाने कातडी सोलवटते. तुमचे चरे तिथूनच आले असणार.

मग कोणतं घ्यायचं? आधी मोजा. हे माझं आजचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं आहे, बाकी विसरलात तरी चालेल. घरात स्वयंपाकाचा डिजिटल वजनकाटा असेल तो घ्या. कोरडं पॅड एकदा तोलून आकडा लिहून ठेवा. वापरलेलं पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तोला, पिशवीचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १ मिली. समजा कोरडं १४ ग्रॅमचं होतं आणि चार तासांनी ५२ भरलं, तर चार तासांत ३८ मिली. शेजारी किती वाजता घातलं, किती वाजता काढलं, मध्ये काय झालं हे लिहा: शिंक, चहा, कुलूप. तीन दिवस करा, त्यात एक सुटीचा दिवस येऊ द्या. ही वही डॉक्टरांना दाखवलीत तर त्यांचाही अर्धा वेळ वाचेल.

पाकिटावर थेंबांची चित्रं असतात, कुठे मिली लिहिलेले असतात. ते आकडे प्रयोगशाळेत पॅड पूर्ण भिजवून काढलेले असतात. आपण पॅडवर बसतो, चालतो, दाबतो, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं मावत नाही. मी छापील आकड्याच्या निम्मंच धरते. तुमचे चार तासांचे ३८ मिली असतील तर १०० मिली लिहिलेलं पॅड आरामात चालेल. गाडीसाठी त्याच्या तिप्पट-चौपट क्षमतेचं घ्या. ते लांब असतं, पण सपाट असतं आणि ड्रेसमधून दिसत नाही. पॅन्टसारखा डायपर तुम्हाला या घडीला नको.

घालताना पॅड आधी लांबीत दुमडून होडीसारखं करा, म्हणजे कडेच्या उभ्या झालरी वर येतात. पुढून मागे सरकवा, उलट नको, नाहीतर मागचे जंतू पुढे येतात. चड्डी अंगाबरोबर बसणारी हवी. सैल इलास्टिकच्या चड्डीत महागातलं पॅडही गळतं.

पाणी बंद करू नका. कमी प्यायलं की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. वर बद्धकोष्ठ होतं, त्याने आणखी बिघडतं. घोट घोट पीत राहा. चहा-कॉफी मात्र निघण्याआधीच्या दोन तासांत टाळून बघा आणि वहीत फरक पडतो का ते पाहा. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून स्टेशनकडे निघण्याआधी शाळेतच जाऊन या. पर्समध्ये एका छोट्या चेनच्या पाऊचमध्ये दोन पॅड, एक चड्डी, जुन्या वर्तमानपत्राचं अर्धं पान आणि एक रिकामी पिशवी ठेवा. ते पाऊच जवळ आहे एवढ्यानेच घाई थोडी कमी होते, हे मी अनेक बायकांकडून ऐकलं आहे.

आणि ताई, पॅड हा उपाय नाही, पॅडने दिवस निभावतो. तुमच्या वयात या दोन्ही तक्रारींवर चांगला उपचार आहे. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम, ज्याला १९४८ मध्ये तो मांडणाऱ्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावावरून केगल म्हणतात, तो नीट शिकून घ्या. गॅस अडवताना जे आवळतो तेच आवळायचं, श्वास न रोखता, पोट आणि मांड्या सैल ठेवून. दर वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, सलग ३ महिने. आठ दिवसांत सोडून देऊन ‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. शिंक येते आहे असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं, ही सवय लावलीत तर शाळेतलं प्रमाण नक्की उतरेल. घाईसाठी डॉक्टर मूत्राशयाला वेळ वाढवत नेण्याची सवय लावतात, औषधंही आहेत. पाळी गेली असेल तर आतून लावायचं मलम देतात. अंग खाली आल्यासारखं वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. लघवीत रक्त, जळजळ, ताप यांतलं काही असेल तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी जा.

वडील ७८ वर्षांचे आहेत. दिवसा तासातासाला जातात, थेंब थेंब होते, मोकळं झाल्यासारखं वाटत नाही म्हणतात. रात्री अंथरूण ओलं होतं. मी डायपरचं पाकीट आणलं तर त्यांनी कपाटाखाली सरकवून दिलं आणि ‘मी काय तान्हं बाळ आहे का?’ असं विचारलं. ते घालतील असा कोणता प्रकार आहे? – मुलगा, घोडबंदर रोड

दादा, ते पाकीट सध्या कपाटाखालीच राहू द्या. तुमच्या पत्रातली ‘थेंब थेंब’ आणि ‘मोकळं झाल्यासारखं वाटत नाही’ ही दोन वाक्यं वाचून मी थांबले. या वयात प्रोस्टेट वाढून वाट अडलेली असू शकते. मूत्राशय भरलेलंच राहतं आणि वरचं जादा तेवढं ओसंडत राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लघवी जास्त होते आहे, प्रत्यक्षात ती होतच नसते. अशा माणसाला डायपर घालून दिला की सगळ्यांना वाटतं प्रश्न मिटला, आणि आत साचलेल्या लघवीचा ताण किडनीवर येत राहतो. सर्जिकल वॉर्डात असे आजोबा यायचे. नळी घातली की पिशवीत लिटरभर लघवी जमा व्हायची, आणि बरोबर आलेली माणसं आम्हाला सांगत असायची की हे तर सारखे जात होते.

म्हणून आधी युरॉलॉजिस्टकडे न्या. लघवी करून झाल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत लगेच कळतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी ही अडवणूक वाढते, तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून बरोबर न्या, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी चालू असेल तर तीही. एकदमच लघवी बंद झाली, किंवा पायांत अशक्तपणा आला, बसतो तो भाग बधिर वाटू लागला, तर सकाळची वाट बघू नका.

हे झाल्यावर वस्तूंचा विचार. पहिली वस्तू म्हणजे पलंगाशेजारी लघवीचं भांडं, झाकणाचं, प्लास्टिकचं, आणि जमिनीलगत एक मंद दिवा. अर्ध्या घरांत यानेच काम होतं. पायांवर सूज असेल तर दुपारी दोन तास पाय उंचावर ठेवून पडू द्या. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे येतं, ते थोडं दुपारीच निघून जातं. गादीवर ६० बाय ९० सेंटिमीटरची अंडरपॅड मिळते ती घाला, चादरीच्या वर, कमरेखाली येईल अशी.

एवढ्यावर भागलं नाही तर पॅन्टसारखा ओढून घालायचा प्रकार आणा. चिकटपट्ट्यांचा नको. चिकटपट्टीचा डायपर झोपून असलेल्या माणसासाठी असतो, तो दुसऱ्याने लावावा लागतो, आणि वडिलांना राग नेमका त्याचाच असणार. पॅन्ट ते स्वतः घालतील, स्वतः काढतील. काढताना पाय उचलायचे नाहीत, दोन्ही बाजूंच्या शिवणी टराटर फाडायच्या, हे मात्र एकदा दाखवा. आणि तो शब्द वापरू नका. आमच्या आईसाठी आम्ही ‘रात्रीची चड्डी’ म्हणायचो. तिने एकदाही नको म्हटलं नाही. पाकिटातून काढून, तिच्या परकराबरोबर घडी घालून खणात ठेवायचो.

मापाविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगते. आईसाठी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘एक्सएल न्या, मोठा असला की गळत नाही’ म्हणून मोठं पाकीट हातात दिलं. मी नर्स असूनही घेतलं, कारण मागे लोक उभे होते आणि मला तिथून लवकर निघायचं होतं. सहा रात्री मी चादरी बदलल्या. सातव्या दिवशी शिवणकामाची टेप घेऊन मोजलं: कंबर ३१ इंच, नितंब ३४. तिला मीडियम लागत होतं. मोठ्या मापात मांडीशी फट राहते आणि सगळं तिथून बाहेर येतं. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जे जास्त भरेल ते पाकिटावरच्या कोष्टकात बघा. प्रत्येक कंपनीचं मीडियम सारखं नसतं, म्हणून ब्रँड बदलला की पुन्हा बघा. पहिल्यांदा सगळ्यात लहान पाकीट घ्या.

सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत. चिकटपट्टीचे डायपर वापरतो, दिवसाला तीन. माकडहाडापाशी लाल झालंय, मांड्यांत बारीक पुरळ आहे. मी टाल्कम पावडर भरपूर लावते. शेजारच्या काकू म्हणतात डायपर बंद करून जुन्या साड्यांचं कापड वापर. – सून, ऐरोली

आठ महिने तुम्ही एकट्या हे करत आहात असं पत्रावरून दिसतं. घरातल्या दुसऱ्या कोणालातरी रात्रीची एक पाळी घ्यायला सांगा, हे मी आधी लिहिते कारण शेवटी लिहिलं की लोक वाचत नाहीत.

पावडर आजपासून बंद. ओलाव्याने तिच्या गुठळ्या होतात आणि त्या घड्यांमध्ये घासतात. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, तेच तिचं संरक्षण. लघवी साचून राहिली की तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, आम्लपणा जातो, आणि वर आपण कपडे धुवावेत तसं साबणाने घासलं की उरलेलंही निघून जातं. कोमट पाणी आणि सौम्य साबण, तोही प्रत्येक वेळी नको. पुसायचं नाही, टिपायचं. इथे काकूंच्या जुन्या साड्या कामाला येतात, दहा वर्षं धुतलेल्या सुती साडीइतकं मऊ फडकं बाजारात मिळत नाही. पण डायपरच्या जागी ते कापड नको. ते ओलावा धरून अंगालाच चिकटून राहतं.

टिपल्यावर दोन मिनिटं उघडं राहू द्या, मग झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा, बोटाखाली कातडीचा रंग दिसेल इतकं. जाड थर दिला तर मलम डायपरच्या वरच्या थराला लागून त्याची तोंडं बुजवतं, मग लघवी आत शिरत नाही आणि तुम्हाला वाटतं डायपर खराब निघाला.

मांडीतल्या पुरळाच्या कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील आणि खाज असेल तर ती बुरशी आहे, त्याला डॉक्टरांनी दिलेलं मलम लागेल. सासूबाईंना मधुमेह असेल तर ते आवर्जून सांगा, काही नव्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि बुरशी वाढते. माकडहाडाच्या लालीवर बोट दाबून उचला. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोअरची सुरुवात आहे, ती डायपरमुळे नसून दाबामुळे आहे. दर दोन तासांनी कूस बदला आणि नर्स किंवा डॉक्टरांना या आठवड्यात दाखवा.

दिवसाला तीन कमी पडत आहेत. दिवसा तीन-चार तासांनी हात घालून बघा, बाहेरच्या पिवळ्या रेषेचा रंग बदलला की बदला. शौच झालं असेल तर त्याच क्षणी. रात्रीसाठी जास्त क्षमतेचा एक ठेवला तर त्यांची झोप मोडावी लागणार नाही. लावताना त्यांना कुशीवर वळवा, मागचा भाग कमरेपर्यंत वर घ्या. खालच्या चिकटपट्ट्या आधी, जराशा वरच्या दिशेने. मग वरच्या, जराशा खालच्या दिशेने. शेवटी दोन्ही जांघांत बोट फिरवून आत दुमडलेली झालर बाहेर काढा. बायका ही शेवटची पायरी विसरतात आणि चादर भिजते.

माझं वय ६३. सहा आठवड्यांपूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. नळी काढल्यापासून उभं राहिलं की गळतं. बायकोचे पॅड वापरतो, पण पुढून ओलं होतं. पुन्हा तलावावर फिरायला जाता येईल का? – नेरूळ

भाऊ, बायकांच्या पॅडची जाडी मध्ये असते, तुम्हाला ती पुढे हवी. पुरुषांसाठी पुढे रुंद, खाली निमुळतं, कपासारखं पॅड मिळतं, ते मेडिकलवाल्याकडे ‘मेल गार्ड’ म्हणून मागा. चिकट बाजू चड्डीला, आणि चड्डी आखूड घट्ट हवी, सैल बॉक्सरमध्ये ते जागेवर राहत नाही. लिंग खालच्या दिशेने राहील असं ठेवा. वजन करून बघायचं वर लिहिलं आहे ते तुम्हीही करा. आठवड्याला एक दिवस २४ तासांचं वजन लिहा, आकडा उतरताना दिसेल. या ऑपरेशननंतरचं गळणं बहुतेकांचं महिन्यामहिन्याने कमी होतं, वर्षभरापर्यंत सुधारणा होत राहते. सर्जनना विचारून केगल सुरू करा, पुरुषांसाठीही तोच व्यायाम आहे. खुर्चीतून उठण्याआधी आवळायचं, मग उठायचं. फिरायला उद्यापासून जा. सकाळी गळणं कमी असतं, दिवस चढला की स्नायू थकतात, म्हणून सकाळची वेळ धरा.

आमच्या सोसायटीत चार घरांत मोठ्यांचे डायपर आहेत. कोणी ओल्या कचऱ्यात टाकतं, एकदा कोणीतरी संडासात टाकल्याने लाइन तुंबली. नियम काय? – सचिव, ठाणे पश्चिम

संडासात कधीच नाही, आतली पूड फुगून पाइप भरतो. घनकचरा नियमांत वापरलेले डायपर आणि अंडरपॅडसुद्धा सॅनिटरी कचरा म्हणून धरले आहेत, आणि ते नीट गुंडाळून द्यायची जबाबदारी टाकणाऱ्याची आहे. शौच असेल तर ते आधी संडासात झटकायचं, मग डायपर आतल्या बाजूने गुंडाळायचा, त्याच्याच चिकटपट्टीने बंद करायचा, वर्तमानपत्रात बांधून वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा. जिन्याखाली झाकणाचा वेगळा डबा ठेवा आणि त्यावर फक्त ‘सॅनिटरी’ लिहा, घराचे नंबर नकोत. कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात रोज काय येतं ते एकदा सभेत बोला. बोलायला अवघड जात असेल तर हे पान वाचून दाखवा.

पेन्शनमध्ये हा खर्च परवडत नाही. धुवून वापरायच्या चड्ड्या मिळतात म्हणे, त्या घेऊ का? थोडीच गळते. – कळवा

थोडीच गळत असेल तर जरूर घ्या. आत शोषून घेणारा थर शिवलेली सुती चड्डी येते, दिसायला नेहमीसारखीच. जास्त गळणाऱ्यांना किंवा रात्रीसाठी ती पुरत नाही. काढली की लगेच गार पाण्यात बुडवा, मग साध्या साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याचा थर बसला की ती पाणी शोषत नाही. एरवी तीन पुरतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हा जाड थर वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून पाच धरा. दमट चड्डी घालण्यापेक्षा त्या दिवसांत विकतचं पॅड वापरा. डायपर घ्यावेच लागले तर बिल बघून घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. आणि पत्रात तुम्ही वय लिहिलेलं नाही, किती दिवसांपासून गळते तेही नाही. तेवढं मला कळवा, पुढच्या अंकात नाव न देता उत्तर देईन.